पाणचक्कीतले पाणी

वऱ्हाडात पिठाच्या गिरणीला गिरणी म्हणण्याची रीत नाही. तिला चक्की म्हणतात. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावात काय किंवा आसपासच्या कोणत्याही खेड्यात काय, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघालेली बाई चक्कीवरच जाते आणि वीज नसली की चक्की बंद आहे असे सांगत परत येते. त्या दिवशी भाकरी शेजाऱ्याच्या उसन्या पिठाची होते. धान्य घरात आहे, दगड चक्कीत आहे, चक्कीवालाही जागेवर आहे. केवळ ते दगड फिरविणारी शक्ती नाही. यंत्राचा देह शाबूत असून प्राण नसणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी वऱ्हाडातील माणसाला पोथी उघडावी लागत नाही.

या भागातील शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला निघाल्या की छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, एक मुक्काम ठरलेला असतो. बीबीचा मकबरा पाहून झाला की मुलांची रांग पाणचक्कीकडे वळते. मोठा हौद, त्यात उंचावरून पडणारे पाणी, त्यातले मासे आणि एका खोलीत दगडाचे मोठे जाते, एवढे दृश्य डोळ्यांत साठवून मुले अर्ध्या तासात बाहेर पडतात. त्यांना सांगितले जाते की पूर्वी हे जाते पाण्यावर फिरत असे. पाणी कोठून येत असे, ते कोणी आणले, कशासाठी आणले आणि आता त्याचे काय झाले, हे प्रश्न बहुधा बसमध्ये बसण्याच्या घाईत राहून जातात. वस्तुतः पाणचक्कीची खरी कथा त्या प्रश्नांतच आहे.

नदी आहे, पण बारमाही नाही

पाण्याच्या जोरावर जाते फिरविणे ही कल्पना जगात फार जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास दोन हजार वर्षांपूर्वी पाणचक्क्या फिरत होत्या; त्या काळच्या अँतिपातर या ग्रीक कवीने दळणाऱ्या दासींचे कष्ट पाण्याने वाचविले म्हणून आनंद व्यक्त केल्याचे प्रसिद्ध आहे. इंग्लंडात १०८६ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे सहा हजार पाणचक्क्यांची नोंद झाली. आपल्याकडे हिमालयाच्या उतारावर ‘घराट’ या नावाने पाणचक्क्या शतकानुशतके चालत आल्या. मग दख्खनमध्ये त्या गावोगाव का दिसत नाहीत?

याचे पहिले उत्तर नद्यांत आहे. अडाण किंवा बेंबळा यांसारख्या वऱ्हाडातील नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि उन्हाळ्यात पात्रात वाळू व डोह तेवढे शिल्लक ठेवतात. चार महिने पुराची भीती आणि उरलेले महिने पाण्याची वाण, अशा नदीवर कायमचे चाक बसविण्याचे धाडस कोण करणार? दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. घरातील बाई पहाटे उठून फुकट दळते आहे, तोपर्यंत दळण्यासाठी पाटबंधाऱ्याचा खर्च करण्याची गरज कोणालाच वाटली नाही. जात्याभोवती ओव्यांचे अमोल धन निर्माण झाले हे खरे. पण ते धन ज्या श्रमातून आले त्या श्रमाची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाही.

म्हणून औरंगाबादची पाणचक्की हा दख्खनमधील अपवाद ठरतो. ती नदीच्या प्रवाहावर उभी नाही. जेथे जाते फिरवायचे होते तेथे पाणी नव्हते, म्हणून ते कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालून आणले गेले. चक्की पाण्याकडे गेली नाही. पाणी चक्कीकडे आले.

एका तकियाची वाढ

या वास्तूचा आरंभ चक्कीने नव्हे, तर फकिराच्या तकियाने झाला. बाबा शाह सईद पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी पंथाचे सूफी मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या मुलखातून दख्खनमध्ये आले. औरंगजेबाच्या सैन्यात त्याच मुलखातील तुराणी सरदारांचा मोठा भरणा होता. गाझीउद्दीनखान फिरोजजंग हा त्यांतला प्रमुख. पलंगपोश त्याच्या लष्कराबरोबर फिरत, तर शाह मुसाफिर औरंगाबादेत खाम नदीच्या काठी तकियात स्थिर झाले. परमुलखातून आलेल्या शिपायाला, वाटसरूला आणि गोरगरिबाला तेथे आसरा व अन्न मिळे. या दोघांच्या आठवणी आणि वचने शाह मुसाफिर यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी फारसीत संकलित केली. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला.

जुन्या वर्णनांत नहर आणि चक्की १६९५ च्या सुमारास निजाम-उल्-मुल्क आसफजाह यांच्या पदरचे सरदार तुर्कताजखान यांनी बांधल्याचे सांगितले जाते आणि मशिदीसमोरचा लांबट हौद त्यानंतर वीस वर्षांनी जमीलबेगखान यांनी बांधल्याचे म्हटले जाते. या विधानातील दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. १६७१ मध्ये जन्मलेले आसफजाह १६९५ साली चोवीस वर्षांचे होते. निजाम-उल्-मुल्क हा किताब त्यांना १७१३ मध्ये मिळाला. दख्खन त्यांच्या हाती आली ती १७२४ च्या शकरखेड्याच्या लढाईनंतर, आणि ते शकरखेडे म्हणजे वऱ्हाडातलेच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा. तेव्हा १६९५ हे वर्ष आणि आसफजाहांचा सरदार ही दोन्ही विधाने एकाच दगडावर कोरता येत नाहीत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने याचा विषाद मानण्याचे कारण नाही. या विसंगतीतूनच वास्तूचा स्वभाव कळतो. पाणचक्की एका मुहूर्तावर, एका नकाशाबरहुकूम उभी राहिलेली नाही. आधी तकिया, मग पाणी, मग चक्की, मग हौद, १७१५ मध्ये शाह मुसाफिर वारल्यावर त्यांची कबर, मशीद, मदरसा, सराई, बाग अशी ती पिढ्यापिढ्यांनी वाढत गेली. शाह महमूद यांच्या दीर्घ कारकिर्दीत तकियाचा मोठाच विस्तार झाला. बदल हा या वास्तूचा दोष नसून जन्मखूण आहे. म्हणून तिच्यात बदल झाला की नाही हा प्रश्न गौण ठरतो. कोणत्या बदलाने तिला वाढविले आणि कोणत्या बदलाने तिची मुळी तोडली, हे पाहिले पाहिजे.

जमिनीखालची इमारत

पाणचक्कीची इमारत म्हणून जे दिसते तो तिचा लहानसा भाग आहे. तिचा मोठा भाग जमिनीखाली असून तो सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्याच्या संगमाच्या वरच्या अंगाला या नहरीचा उगम आहे. तेथे विहिरींत पाणी गोळा केले जाते, नदीच्या पात्राखालून झिरपणारे पाणीही दगडी बांधकामातून घेतले जाते आणि पुढे खापरी नळांतून ते शहराकडे सोडले जाते. या शहराला ही विद्या नवी नव्हती. १६१० मध्ये खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने शतकभर आधी नहर-ए-अंबरी बांधून तिचा कित्ता घालून दिला होता.

वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उभे स्तंभ आहेत. त्यांतून पाणी वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाते. हे पाहून पाणी चढावर चढविण्याची काही गुप्त विद्या त्या काळी होती, असे वाटाड्ये मोठ्या अभिमानाने सांगतात. तसे काही नाही, आणि नाही म्हणून त्या कारागिरांचे कौतुक उणे होत नाही. बंद नळातील पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत चढू शकते, त्याच्या वर नाही; वाटेतल्या घर्षणामुळे किंबहुना थोडे खालीच राहते. स्तंभ पाण्याला शक्ती देत नाहीत. नळात कोंडलेली हवा बाहेर सोडणे, पाण्याचा दाब खापरी नळांना सोसेल इतका राखणे, गाळ खाली बसू देणे आणि दुरुस्तीसाठी मधे हात घालण्याची जागा ठेवणे, ही त्यांची कामे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावावरून शनिवारवाड्याकडे नळ आला, त्यावरच्या अशाच बांधकामांना ‘उच्छ्वास’ म्हणत. नळालाही श्वास घ्यावा लागतो, हे त्या शब्दाइतके नेमकेपणाने कोणत्याही पाठ्यपुस्तकात सांगितलेले नसेल.

खरा चमत्कार मोजमापाचा आहे. आठ किलोमीटरच्या वाटेत उतार जास्त झाला तर शेवटी पाणी चक्कीच्या पायथ्याशी येऊन पडणार. कमी झाला तर वाटेतच रेंगाळून गाळाने नळ बुजणार. ज्या उंचीवरून ते पडले पाहिजे तेवढी उंची शेवटच्या टोकाला शिल्लक राहील, असा हिशेब करून ही नहर आखली गेली. शाळेत पाणी समपातळी राखते हा धडा एका ओळीत संपतो. येथे तो आठ किलोमीटर चालतो.

एकाच पाण्याची अनेक कामे

नहरीचे पाणी शेवटच्या स्तंभावरून बंदिस्त मार्गाने खाली सोडले जाते. चक्कीचे चाक गाडीच्या चाकासारखे उभे नसून कुंभाराच्या चाकासारखे आडवे आहे. पाण्याचा झोत त्याच्या पात्यांवर आदळतो, चाक फिरते, त्याच्या मधोमध बसविलेला उभा दांडा वरच्या खोलीतील जात्याच्या वरच्या दगडाला फिरवितो. मध्ये दातेरी चाके नाहीत, पट्टे नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. हिमालयातील घराटाची रचनाही तत्त्वतः हीच आहे. बिघडण्याजोगे भाग कमी, म्हणून दुरुस्ती गावच्या सुताराच्या, लोहाराच्या आणि दगडाला टाकी लावणाऱ्या पाथरवटाच्या आवाक्यातली.

या यंत्राची ताकद किती असावी, याचा अंदाज दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, दर सेकंदाला वीस लिटर पाणी पाच मीटर उंचीवरून पडते आहे. त्यातून सुमारे ९८० वॅट शक्ती मिळते. निम्मी वाया गेली असे धरले तरी ४९० वॅट दगडापर्यंत पोहोचतात. सतत काम करणारा माणूस साधारणपणे ७० ते ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे एवढ्याशा पाण्याने सहा-सात बायकांच्या दळणाचे काम होते आणि पाणी रात्री झोपत नाही. खेड्यातील विजेच्या चक्कीला दहा अश्वशक्तीची मोटार असली, तर तिच्या मानाने ही शक्ती पंधरावा हिस्सा भरेल. हिशेबात पाणचक्की दुबळी ठरते. पण तिला बाजाराचे दळण दळायचे नव्हते. तकियातील माणसे, मदरशातील मुले आणि वाटसरू यांच्या पंगतीपुरते पीठ तिच्यातून पडत राहावे, एवढीच अपेक्षा होती, आणि त्यासाठी कोणाला पहाटे उठून खुंटा धरावा लागत नव्हता.

चक्की हे या पाण्याचे एकच काम होते. ते पिण्याला होते, मशिदीत येणाऱ्यांच्या वजूला होते, बागेला होते. मशिदीसमोरचा हौद १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे. त्याचा तळ हा खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. जाड दगडी खांबांवर पाण्याने भरलेला एवढा हौद तोललेला आहे. डोक्यावर पाणी आणि बाजूने ओसंडणाऱ्या पाण्याची धार, यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही खालच्या दालनात गारवा राहावा अशी ही योजना. सगळी कामे आटोपल्यावर उरलेले पाणी शेजारच्या खाम नदीत जाई. तहान, शुद्धी, शक्ती, शीतलता आणि बाग अशी पाच कामे करून पाणी नदीला परत मिळत होते. पाण्याचा असा संसार ज्यांनी मांडला त्यांना ते किती दुर्मिळ आहे याची पुरती जाणीव असली पाहिजे.

तोडली गेलेली मुळी

पुढचे बदल वेगळ्या जातीचे आहेत. प्रथम चक्कीचे प्रयोजन गेले. वाफेच्या, तेलाच्या आणि मग विजेच्या गिरण्या आल्या. पाणचक्कीचे दळण थांबले आणि जाते प्रेक्षणीय वस्तू झाले. यात कोणाचा अपराध नाही. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय या परिसरात आले. जेथे वाटसरूंची वर्दळ होती तेथे अर्जदारांची झाली. जुन्या वास्तूत कचेरी असणे हेही वाईट नाही. रिकाम्या वाड्यापेक्षा वापरातला वाडा अधिक टिकतो, आणि या आवारात पूर्वीही कचेरी होतीच.

घातक बदल आवाराच्या बाहेर झाला. शहराचा पाणीपुरवठा नहरींवरून हर्सूलच्या तलावाकडे आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीकडे गेला. गोदावरीचे पाणी पैठणहून विजेच्या पंपांनी चढवून शहरात आणले जाऊ लागले. लाखोंच्या शहराची तहान खापरी नळांनी भागणार नव्हती, हे उघड आहे. पण त्याबरोबर नहरीवरची नजरही हटली. जोपर्यंत आपल्या घागरीत पडणारे पाणी नहरीचे आहे, तोपर्यंत ती फुटली की गल्ली ओरडते. घागर दुसऱ्या नळाखाली गेली की नहर कोणाचीच राहत नाही. तिच्या वाटेवर घरे झाली, रस्ते झाले, पाया खणताना नळ फुटले. उगमाकडच्या भूजलावर विंधन विहिरींचा भार पडला. नहरीची फूट, तीवरील अतिक्रमणे, हौदात कमी होणारे पाणी यांच्या बातम्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या. प्रत्येक बातमीनंतर चर्चा झाली ती आवाराच्या रंगरंगोटीची, दिव्यांची आणि तिकिटाची.

हौदात नहरीऐवजी दुसरे कोठले तरी पाणी भरून धार पाडता येईल आणि जात्याला मोटार लावून ते फिरवूनही दाखविता येईल. सहलीच्या मुलांना फरक कळणार नाही. पण मग ती पाणचक्की राहणार नाही. विजेने फिरणारे पाणचक्कीचे चित्र होईल. पाणचक्कीचे जतन म्हणजे मुख्यतः नहरीचे जतन, हे एकदा मान्य केले की कामाची दिशा बदलते. नहरीच्या सबंध मार्गाची मोजणी करून तो शहराच्या विकास आराखड्यात नोंदविणे, त्याच्या दोन्ही बाजूंना खोदकामाला मर्यादा घालणे, उगमाच्या क्षेत्रात पाणी मुरविणे, स्तंभ आणि नळ यांची दुरुस्ती चुन्याच्या कामाचे ज्ञान असलेल्या कारागिरांकडून करून घेणे, ही ती कामे. यांतले एकही काम छायाचित्रात चांगले दिसणारे नाही. ती मागे पडण्याचे कारण बहुधा हेच असावे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शहराला नळाला दिवसाआड पाणी मिळत नसता शेकडो वर्षांपूर्वीच्या जात्यासाठी खर्च का करावा? त्याचे उत्तर असे की, नहरीची दुरुस्ती हा केवळ इतिहासावरचा खर्च नाही. तिच्या उगमाचे रक्षण म्हणजे हर्सूलच्या पाणलोटाचे रक्षण; ते केल्याशिवाय त्या बाजूच्या विहिरीही जगणार नाहीत. अलीकडे खाम नदीच्या स्वच्छतेचे प्रयत्न सुरू झाले आहेत. जी नदी नहरीचे उरलेले पाणी घेत होती, तिचा आणि नहरीचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

जगाचा अनुभवही याच दिशेचा आहे. पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालविण्याच्या नेदरलँड्समधील कारागिरीला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. इमारतीबरोबर ती चालविण्याची विद्या जगली नाही, तर वारसा निम्माच उरतो, हे त्यामागचे सूत्र. हिमालयात काही ठिकाणी जुन्या घराटांत सुधारणा करून दिवसा दळण आणि रात्री वीज अशी दोन्ही कामे घेतली गेली. जुन्या यंत्राला नवे काम मिळाले म्हणजे त्याला राखणदारही मिळतो. पाणचक्कीच्या जात्यावर आठवड्यातून एक दिवस जरी खरे धान्य दळले गेले आणि ते पीठ एखाद्या पंगतीला गेले, तरी नहरीत पाणी आहे की नाही याची चौकशी करणारा कोणीतरी कायमचा तयार होईल.

कामरगावच्या शाळेची सहल पुन्हा केव्हातरी तेथे जाईल. गुरुजींनी त्या दिवशी मुलांना आवारात थोडा कमी वेळ द्यावा आणि हर्सूलच्या रस्त्याने नहरीचा एखादा स्तंभ दाखवून आणावा. मुले ज्या गावातून आली तेथे वीज गेली की चक्की थांबते आणि उन्हाळा आला की विहीर आटते, हे त्यांना ठाऊक आहे. यंत्राची शक्ती कोठून येते आणि ती कोणी राखायची, हा प्रश्न त्या स्तंभापाशी उभे राहून ती मुले विचारतील. त्याचे उत्तर देताना मात्र पुस्तकाचा उपयोग नाही; नहरीत पाणी असावे लागेल.